बोटीचा तळ ट्रेलरवर का खरचटतो, आणि तो कसा जपायचा

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचे वळण शक्यतो तसेच ठेवले आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की एवढ्याशा गोष्टीवर तासभर काय बोलणार? बोट पाण्यातून ट्रेलरवर घ्यायची, थोडं खरचटलं तर खरचटलं. आम्हालाही बरीच वर्षं असंच वाटत होतं. म्हणून सुरुवात आमच्या चुकीपासून करतो.

आमच्या गटाकडे १६ फुटी फायबरची बोट आहे. एरवी ती धरणाच्या पाण्यावर शिकवण्यासाठी वापरतो, आणि नदीला पूर आला की मदतीला नेतो. एका पावसाळ्यात ती घेऊन गेलो. पहिल्या दिवशी एका फेरीत आठ माणसं आणत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारपासून बोट जड वाटायला लागली, वळेना. पाटातली पाणी काढायची बूच उघडली तर आतून पाणी येतंय. तळाचं फायबर आणि वरची फळी यांच्यामध्ये पाणी शिरलं होतं. मग एका फेरीत चारच माणसं घ्यायची असं ठरवलं. म्हणजे घराच्या गच्चीवर वाट बघणाऱ्या माणसांचा वेळ आमच्यामुळे दुप्पट झाला.

नंतर बोट उलटी केली तेव्हा कारण सापडलं. पुरात ती कुठे आपटली नव्हती. ट्रेलरच्या एका पाटावरचं कार्पेट झिजून आतल्या बोल्टचं डोकं वर आलं होतं. प्रत्येक वेळी बोट चढवताना ते डोकं तळावर एकाच जागी रेघ मारत होतं. दोन मोसम. कोणीही खाली वाकून बघितलं नव्हतं. त्या रेघेनं शेवटी काचेचे धागे उघडे पडले आणि पाण्याला वाट मिळाली.

तर आज तीन गोष्टी बघू. तळ कशाचा बनलेला असतो, तो ट्रेलरवर नेमका केव्हा घासतो, आणि घासू नये म्हणून काय करायचं.

तळाची कातडी

आपल्याकडे हल्ली लहान बोटी बहुतेक फायबरच्या असतात. काचेच्या धाग्यांची चटई आणि त्यात मुरवलेलं रेझिन, असे थरावर थर. सगळ्यात बाहेरचा गुळगुळीत, रंगीत, चमकणारा थर म्हणजे जेलकोट. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. पोस्टकार्डं दोन-तीन एकावर एक ठेवा, तेवढी. बोटीची ताकद त्या थरात नाही, ती आतल्या काचेत आहे. पण पाण्याला अडवण्याचं मुख्य काम जेलकोट करतो. आपल्या कातडीसारखंच.

म्हणून ओरखडा दिसला की आधी तो किती खोल आहे ते बघायचं. आम्ही तीन पायऱ्या मानतो. पहिली, नुसती चमक गेली आहे, नख फिरवलं तर अडकत नाही. हे पॉलिशचं काम, घाई नाही. दुसरी, नख अडकतं, पण तळाशी अजून जेलकोटचाच रंग दिसतो. हे मोसम संपला की भरायचं. तिसरी, रेघेच्या आत रंग बदललेला आहे, धागे दिसतात किंवा हाताला टोचतात. अशी बोट दुरुस्तीशिवाय पाण्यात टाकायची नाही. धाग्यांच्या कडेनं पाणी आत झिरपतं, आणि आत प्लायवुडच्या पट्ट्या असतील तर त्या कुजायला लागतात. वरून काहीच कळत नाही.

आता घासतं कोण? आपण समजतो लोखंड घासतं. बऱ्याच वेळा खरा गुन्हेगार वाळू असते. वाळूतला क्वार्ट्झ कठीणपणाच्या मोहच्या मोजपट्टीवर ७ वर आहे, साध्या सुरीच्या पात्यापेक्षाही कठीण. जेलकोट त्याच्यापुढे फारच मऊ. मऊ कार्पेटमध्ये वाळू अडकली की त्या कार्पेटचा पॉलिशपेपर होतो. हात फिरवला तर मऊच लागतं, पण बोटीचं वजन वर आलं की आतले कण काम करायला लागतात.

घासतं केव्हा?

ट्रेलर दोन प्रकारचे. एकावर लांब लाकडी पाट असतात, त्यावर कार्पेट गुंडाळलेलं. दुसऱ्यावर रबराचे किंवा पॉलियुरेथेनचे रोलर. पाटांवर वजन लांबवर पसरतं, म्हणून ठेवलेल्या बोटीला ते चांगले. पण बोट सरकवताना घर्षण जास्त. रोलरवर बोट सहज चढते, पण वजन मोजक्या ठिकाणी पडतं, आणि एखादा रोलर अडकला, फिरेना, की तो पाटापेक्षाही वाईट घासतो. म्हणून प्रत्येक वेळी रोलर हातानं फिरवून बघायचे.

पाण्यात बोटीला वजन जाणवत नाही, कारण ती तरंगते. रस्त्यावर सगळं वजन ट्रेलरवर असतं. या दोन्हींच्या मधला जो मिनिट-दोन मिनिटांचा वेळ असतो, त्यात सगळे ओरखडे पडतात. अर्धं वजन पाण्यावर, अर्धं ट्रेलरवर, आणि आपण वरून ओढतोय. जितकं जास्त वजन ट्रेलरवर असताना ओढाल तितकं जास्त घासेल. सूत्र एवढंच आहे. वजन पाण्याला उचलू द्यायचं आणि आपण फक्त दिशा द्यायची.

मग लोक म्हणतात, ट्रेलर पूर्ण बुडवू या. तसंही नाही. ट्रेलर फार खोल गेला की बोट पाटांच्या वर मोकळी तरंगते. वारा तिला बाजूला ढकलतो. तुम्ही गाडी वर घेता, पाणी कमी होतं आणि बोट जिथे असेल तिथे बसते. वाकडी. एक बाजू पाटावर, दुसरी मडगार्डच्या कडेवर. उथळ ठेवलं तर घासते आणि खोल ठेवलं तर आपटते, अशी ही अडचण आहे.

पाटांच्या ट्रेलरसाठी आमचा अंदाज असा: पाटांचा मागचा दोन तृतीयांश भाग पाण्याखाली, पुढचा एक तृतीयांश बाहेर. म्हणजे बोटीचं मागचं अंग तरंगतं आणि पुढचं टोक, ज्याला आपल्याकडे नाळ म्हणतात, ते कोरड्या भागावर येऊन टेकतं आणि मध्यावर बसतं. रोलरच्या ट्रेलरला याहून कमी पाणी पुरतं.

हा अंदाज उतारावर बदलतो. समजा रॅम्पचा उतार ८ फुटांना १ फूट आहे आणि पाट १० फुटी आहेत. तर पाटाचं मागचं टोक पुढच्या टोकापेक्षा सव्वा फूट खाली असणार. उतार तीव्र असेल तर मागची बाजू लगेच खोल जाते, बोट मागून उचलली जाते आणि सगळा भार नाळेवर येतो. तिथे ट्रेलर थोडा वर घ्यायचा. उतार सपाट असेल तर उलट, अजून मागे जावं लागतं. रॅम्प नवीन असेल तर पहिल्यांदा रिकामा ट्रेलर पाण्यात नेऊन नुसतं बघा. पाच मिनिटं जातील, पण अंदाज येतो.

भरतीचा हिशेब

धरणावर पाण्याची पातळी तासात बदलत नाही. खाडीवर बदलते, आणि हे पुण्या-नाशिककडून बोट घेऊन येणारी माणसं विसरतात. मुंबईच्या बाजूला उधाणाच्या दिवशी पाणी ४ मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. भरती-ओहोटीच्या मधल्या काळात ते सगळ्यात जोरात सरकतं, तासाला सुमारे एक मीटर. म्हणजे पंधरा मिनिटांत पाव मीटर. आठास एक उताराच्या रॅम्पवर पाव मीटर उंची म्हणजे २ मीटर लांबी. तुम्ही ट्रेलर बरोबर लावला, चहा प्यायला गेलात, परत आलात तर पाण्याची रेघ २ मीटर खाली गेलेली.

म्हणून शक्यतो बोट चढत्या पाण्यात वर घ्या. काही अडकलं तर थांबा, पाणी स्वतःच बोट उचलून देतं. उतरत्या पाण्यात अडकलात तर प्रत्येक मिनिटाला बोट जड होत जाते, आणि मग माणसं जमतात, "हैय्या" होतं, आणि तळ काँक्रीटवरून ओढला जातो. शिवाय ओहोटीला रॅम्पचा खालचा, शेवाळाचा भाग उघडा पडतो. तिथे गाडीची चाकंही सरकतात आणि माणसांचे पायही.

भरतीची वेळ कोळीवाड्यातल्या कुणालाही विचारा, घड्याळ न बघता सांगतील. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन. म्हणजे साधारण तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. हा मुंबई-कोकणचा ढोबळ हिशेब आहे, नेमक्या वेळेसाठी छापील भरतीचं कोष्टक बघायचं. पण सोबत कोष्टक नसलं तरी कालनिर्णय असतंच.

चढवण्याची रीत

आता प्रत्यक्ष काम. क्रमानं सांगतो.

एक. ट्रेलर पाण्यात नेण्याआधी प्रत्येक पाटावर हात फिरवा, पूर्ण लांबीवर. बोल्टचं डोकं, खिळा, फाटलेलं कार्पेट, शिंपल्याचा तुकडा, सगळं हाताला कळतं. पाटाचे बोल्ट लाकडात खोल बसवलेले असावेत, कार्पेटच्या पातळीला नाहीत. आमचा सगळा धडा या एका वाक्यात आहे.

दोन. कार्पेट धुवा. नुसतं ओलं करणं पुरेसं नाही, बादलीभर पाणी जोरात मारून वाळू काढायची. गोडं पाणी मिळालं तर उत्तम. मग ट्रेलर एकदा पूर्ण पाण्यात नेऊन पाट भिजवायचे आणि परत योग्य खोलीवर आणायचा. ओल्या कार्पेटवर बोट कोरड्यापेक्षा खूप सहज सरकते.

तीन. बोटीचा तळही बघा. किनाऱ्यावर टेकवली असेल तर तळाला वाळू चिकटलेली असते. कंबरभर पाण्यात नेऊन हातानं पुसून काढा.

चार. दोन दोर. एक नाळेला, एक मागे. वारा किंवा खाडीची ओढ ज्या बाजूनं येते, त्या बाजूला मागचा दोर धरणारा माणूस उभा राहतो. बोट तिरकी होण्याआधीच तो तिला धरतो. लोक बोट तिरकी झाल्यावर हातानं ढकलतात, तेव्हा उशीर झालेला असतो. ट्रेलरच्या मागच्या दोन कोपऱ्यांना उभे पाइप लावले आणि त्यावर फोमच्या नळ्या चढवल्या तर अर्धं काम तेच करतात. गढूळ पाण्यात ट्रेलर दिसत नाही, पण पाइप दिसतात.

पाच. विंचचा पट्टा बोटीच्या नाळेवरच्या कडीत अडकवा आणि सावकाश ओढा. पट्ट्याची ओढ सरळ किंवा किंचित वर असावी. विंच कडीपेक्षा खाली असेल तर ती नाळेला खाली दाबते, आणि दाब वाढला की घासणं वाढतं. विंच एकदम जड झाली तर जोर लावू नका. जड होणं म्हणजे तळ कुठेतरी अडकला आहे. थांबा, ट्रेलर वीतभर मागे घ्या, बोट पुन्हा तरंगू द्या. आणि ताणलेल्या पट्ट्याच्या रेषेत कोणीही उभं राहायचं नाही.

सहा. इंजिन चालवून बोट ट्रेलरवर चढवणं टाळा. दिसायला रुबाबदार दिसतं. पण पंख्याच्या पाण्याच्या झोतानं रॅम्पच्या टोकाशी खड्डा पडतो, आणि पुढच्या माणसाच्या ट्रेलरचं चाक त्यात जातं.

सात. नाळ पुढच्या रबरी ठोकळ्याला टेकली की सुरक्षा साखळी लावा आणि गाडी अगदी हळू वर घ्या. मागे एक माणूस बोट दोन्ही बाजूंनी सारखी बसते आहे का ते बघतो. वाकडी दिसली तर लगेच परत पाण्यात. "रस्त्यावर गेल्यावर सरळ करू" असं करू नका. कोरड्यावर सरळ करणं म्हणजेच घासणं.

रस्त्यावरचं घासणं

बोट चढली म्हणजे काम संपलं असं नाही. पट्टे सैल असतील तर शंभर किलोमीटरच्या रस्त्यावर बोट सारखी हलत राहते आणि त्याच जागी घासते. मागचे पट्टे खाली आणि नाळ पुढे, अशी तिन्हीकडून बांधा. पट्टा जिथे बोटीच्या कडेवरून जातो तिथे खाली जुन्या टायरच्या ट्यूबचा तुकडा द्या. पहिल्या पाच-दहा किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा आवळा.

आणि एक बघा: पाट बोटीच्या मागच्या फळीपर्यंत पोचतात का? इंजिनाचं वजन तिथेच असतं. पाट आखूड असतील तर मागचा भाग अधांतरी राहतो आणि महिनोन्‌महिने तशी ठेवलेली बोट तळाशी बाक धरते.

जिथे रॅम्पच नसतो

पुरात सगळंच उलटं असतं. रॅम्प नसतो, डांबरी रस्ता पाण्यात जातो तोच रॅम्प. उतार जवळजवळ सपाट, म्हणून बोट तरंगायला ट्रेलर खूप आत न्यावा लागतो, आणि गाडीच पाण्यात जायला लागते. अशा वेळी गाडी पुढे नेऊ नका. ट्रेलर सोडवून, लांब दोर बांधून, हातानं ढकला. आधी एक माणूस बांबू टेकवत पुढे चालतो, कारण दुभाजक, उघडं गटार, काहीही खाली असू शकतं.

ट्रेलर पोचत नसेल आणि बोट ओढावीच लागली, तर ओल्या गोणपाटाच्या घड्या, रबरी चटया किंवा जाड पीव्हीसी पाइपाचे तुकडे खाली टाका. कोकणातले कोळी लोक होडी किनाऱ्यावर चढवताना ओंडके घालतात, मागचा ओंडका उचलून पुढे आणतात, तेच तत्त्व. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. त्याआधी होड्या वर ओढतात, डागडुजी आणि रंगकाम होतं. यातली शिस्त बघण्यासारखी असते. तळ खाली घासत नेणारा कोळी आम्ही पाहिलेला नाही. पोट त्या तळावर अवलंबून आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

*पाटांवर ग्रीस किंवा तेल लावलं तर?*

ग्रीस नको. त्यात वाळू चिकटून बसते आणि पाण्यातही जातं. सिलिकॉनचा फवारा लोक वापरतात, त्यानं बोट सरकते हे खरं. पण तळावर सिलिकॉन लागलं की पुढे जेलकोट किंवा रंग नीट धरत नाही. कार्पेटऐवजी पाटांवर गुळगुळीत प्लास्टिकच्या पट्ट्याही मिळतात. त्या चांगल्या, फक्त एक सवय लावा. बोट पाण्यात पोचेपर्यंत विंच आणि साखळी सोडायची नाही. अशा पाटांवरून बोट आपोआप मागे सरकते. रॅम्पच्या काँक्रीटवर पडली तर एका क्षणात दहा वर्षांचे ओरखडे.

*खोल ओरखडा घरी भरता येतो का?*

लहान असेल तर येतो. आधी पूर्ण वाळू द्या, सावलीत काही दिवस. पॉलिशपेपरनं कडा उतरत्या करा, धूळ पुसा. धागे तुटले असतील तर आधी काच आणि रेझिन, मग जेलकोट. नुसत्या जेलकोटनं खड्डा भरू नका, तो तडकतो. हार्डनर साधारण १ ते २ टक्के, डब्यावरच्या सूचनेप्रमाणे. जेलकोटचा वरचा भाग हवेत चिकट राहतो, म्हणून त्यावर प्लास्टिकचा कागद गच्च चिकटवा.

आणि हे लक्ष देऊन ऐका. आपल्याकडे दुकानात रेझिन, कोबाल्ट आणि हार्डनर वेगवेगळं देतात. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळायचं नाही, भडका किंवा स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळायचा, मग हार्डनर. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा लावल्याशिवाय डबा उघडू नका.

*ट्रेलरची काळजी वेगळी घ्यायची का?*

हो. रस्त्यावरून येऊन लगेच पाण्यात घालू नका. चाकांचे बेअरिंग तापलेले असतात, एकदम थंड झाले की आत पाणी ओढून घेतात. वीस-तीस मिनिटं थांबा, दिव्यांची पिन काढा. खाऱ्या पाण्यातून आलात तर गोड्या पाण्यानं सगळा ट्रेलर धुवा. गंजलेला रोलरचा खिळा म्हणजे न फिरणारा रोलर, आणि त्याचं काय होतं ते मघाशी पाहिलंच.

*एवढं सगळं कोण लक्षात ठेवणार?*

आम्हीही ठेवत नाही. आमच्या ट्रेलरच्या दांड्यावर रंगानं एकच ओळ लिहून ठेवली आहे: "हात फिरवला का?" बोट घेणारा माणूस पाटांवर हात फिरवल्याशिवाय गाडी सुरू करत नाही. आणि वर्षातून एकदा, पावसाआधी, मे महिन्यात, बोट उलटी करून सगळा तळ बघतो. दोन तास लागतात. त्या पावसाळ्यात आमच्याकडे हे दोन तास नव्हते असं नाही, आम्ही काढले नव्हते.